जुन्या मिलिटरी रायफलच्या दस्त्याचं लाकूड कसं ओळखायचं

आमचे आबा एसआरपीत होते, दौंडला. शाळेत असताना एकदा परेडच्या आदल्या दिवशी त्यांच्यासोबत गेलो होतो तेव्हा कोतसमोरच्या (शस्त्रागारासमोरच्या) शेडमध्ये सगळे जवान थ्री नॉट थ्री मांडीवर आडव्या घेऊन फडक्याने दस्त्याला जवसाचं तेल चोळत बसलेले, तो वास आणि ती चमक अजून डोक्यात आहे. मी आबांना विचारलं हे लाकूड कसलं, तर ते म्हणाले सागवान असेल की. आणि मी वीस-बावीस वर्षं तेच धरून चाललो. नंतर इकडे ओहायोत आल्यावर कलेक्टरचं लायसन्स काढून पहिली रायफल घेतली, ती पण मुद्दाम इशापूरचीच, म्हणजे बंगालमधल्या आपल्या सरकारी रायफल कारखान्यातली, आणि पहिल्याच आठवड्यात बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकावरची, खांद्याला टेकणारी पट्टी) काढून भिंगाखाली बघितलं तर सागाचं त्यात काहीही नव्हतं. तेव्हापासून हा नाद लागला. आता कुठलीही जुनी मिलिटरी रायफल हातात आली की मी नंबर नंतर बघतो, आधी लाकूड.

हे सविस्तर लिहायचं कारण एवढंच की बहुतेक लोक रंग बघून लाकूड सांगतात आणि बहुतेक वेळा चुकतात. काळपट तपकिरी दिसलं की अक्रोड, लालसर दिसलं की महॉगनी, भारतातली रायफल असली की साग. पण विचार करा, या लाकडाने साठ-सत्तर-ऐंशी वर्षं तेल प्यायलंय, घाम प्यायलाय, गोदामात कॉस्मोलीनच्या चिकट ग्रीसमध्ये पडून राहिलंय, वर कारखान्यातच डाग... म्हणजे स्टेन मारून पांढऱ्या लाकडाला अक्रोडाचा रंग दिलेला असतो. त्या रंगाचा भरवसा कसा धरणार? लाकडाची खरी ओळख त्याच्या आडव्या कापात असते. म्हणजे ओंडका आडवा कापल्यावर जे तोंड दिसतं ना, जिथे झाडाची वलयं दिसतात, ते. सुतार लोक ज्याला लाकडाचं डोकं म्हणतात तेच. तिथली छिद्रं आणि रेघा रंगाने बदलत नाहीत.

कामाला लागण्याआधी: मॅगझिन काढा, बोल्ट काढा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि करंगळी घालून पण बघा. रोजची सवय असली तरी बघा. भारतातल्या वाचकांसाठी सांगतो, .३०३ तिकडे प्रोहिबिटेड बोअर आहे, साध्या लायसन्सवर मिळत नाही, पण खूप घरांत .३१५ ची स्पोर्टिंग रायफल नाहीतर आजोबांची बारा बोअर असते, ही सगळी पद्धत त्या दस्त्यांनाही जशीच्या तशी लागू पडते, फक्त ज्याच्या नावावर लायसन्स आहे तो समोर असताना करा.

सामान फार लागत नाही. सराफाकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, हे सगळ्यात महत्त्वाचं. एक नवीन कोरं ब्लेड. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर, ढिला अजिबात नको कारण पितळी प्लेटचे स्क्रू मऊ असतात, एकदा खाच चेमटली की ती जखम कायमची. थोडं मिनरल स्पिरिट (रंगाचं थिनर), कानात घालतात त्या कापसाच्या काड्या, आणि बाजूने उजेड टाकता येईल असा लहान टॉर्च. फोनचा मॅक्रो कॅमेरा चांगला असेल तर भिंगाचं अर्धं काम तो करतो.

पॉलिश पेपर मात्र टेबलावर आणूच नका. मी सुरुवातीच्या वर्षात एका एनफील्डचा (थ्री नॉट थ्रीचं खरं नाव ली-एनफील्ड) दस्ता नीट दिसावा म्हणून घासला होता, फक्त एका बाजूने, फार नाही, पाच मिनिटं. त्यात बटवरचा, म्हणजे दस्त्याच्या मागच्या भागावरचा, इन्स्पेक्टरचा गोल शिक्का निम्मा गेला. ऐंशी वर्षांपूर्वी कोणीतरी तपासून हातोडीने मारलेला शिक्का, तो परत येत नाही. शिक्का गेला की किंमत जाते, पण त्याहून जास्त म्हणजे ती रायफल कुठून आली हे सांगणारा एक साक्षीदार जातो. म्हणून दिसणाऱ्या भागाला हात लावायचा नाही, जे काय बघायचं ते झाकलेल्या जागी.

झाकलेली सगळ्यात चांगली जागा म्हणजे बटप्लेटच्या खाली. तिथे दस्त्याचा आडवा काप आयताच मिळतो, कारखान्यात करवतीने कापला तसाच. ली-एनफील्डला दोन स्क्रू असतात, ते काढले की प्लेट सुटते, थोडी चिकटलेली असली तर लाकडी ठोकळ्याने हलकं थोपटायचं. पितळेची प्लेट असेल तर खाली हिरवा कळंक चढलेला असतो, त्याला घाबरू नका, तो लाकडाचा दोष नाही. दुसऱ्या जागा म्हणजे बॅरलच्या खालची खाच, मॅगझिनच्या भोकाची आतली बाजू आणि हँडगार्डची, म्हणजे बॅरलवरच्या लाकडी झाकणाची, आतली बाजू. इथे पॉलिश पोचलेलं नसतं, त्यामुळे लाकडाचा त्यातल्या त्यात खरा रंग इथे दिसतो.

एक इशारा देऊन ठेवतो, हा जुन्या एसएमएलईवाल्यांसाठी, म्हणजे ली-एनफील्डचा जुना नमुना असलेल्यांसाठी आहे. नंबर वन मार्क थ्रीचा बट आतून एका लांब बोल्टने आवळलेला असतो आणि त्या बोल्टचं पुढचं चौकोनी टोक फोरएंडच्या (बॅरलखालच्या लांब लाकडाच्या) मागच्या बाजूला असलेल्या पट्टीत अडकलेलं असतं. फोरएंड न काढता बट सोडवायला तो बोल्ट फिरवलात तर फोरएंड मागून चिरतो. कितीतरी चांगल्या रायफली याच एका चुकीने फाटल्या आहेत. आपल्याला लाकूड ओळखायला बट काढायची गरजच नाही, फक्त प्लेट काढा. बटच्या त्या लांब बोल्टला हात लावू नका.

प्लेट काढल्यावर जे तोंड दिसेल ते काळं कुळकुळीत असणार, तेल आत मुरलेलं असतं कारण उभ्या रेषांमधून तेल स्ट्रॉसारखं वर चढतं. कापसाच्या काडीवर मिनरल स्पिरिट घेऊन पुसा, सुकू द्या, परत पुसा. चार-पाच काड्या काळ्या होईपर्यंत चालू ठेवा. मग नवीन ब्लेडने कडेला नाही, मधल्या भागात, तुरीच्या डाळीएवढ्या जागेवरून एकच पातळ पापुद्रा काढा. खरवडायचं नाही, एका ओढीत कापायचं. खरवडलं की छिद्रं चिरडली जातात आणि मग भिंगाखाली नुसता भुसा दिसतो. कापलेल्या जागी पाण्याचा एक थेंब लावून पुसलं की सगळं उठून दिसतं. ज्यांना एवढंही कापायचं नाही त्यांनी नुसतं पुसून बघावं, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

आता भिंगातून बघायचं काय? दोनच गोष्टी. एक, छिद्रं, म्हणजे झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांची तोंडं, ती केवढी आहेत आणि कशी पसरलीत. दोन, किरण, म्हणजे झाडाच्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या बारीक फिकट रेघा, सायकलच्या चाकाच्या तारांसारख्या. साग, एल्म असल्या लाकडांत वर्षाच्या वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक ओळच असते, साध्या डोळ्यांनी दिसते, शिवणयंत्राने बिनधाग्याची शिवण मारावी तशी. बीच, बर्च, मेपल यांत छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी पसरलेली. अक्रोड या दोघांच्या मध्ये, वलयाच्या सुरुवातीला छिद्रं मोठी आणि पुढे जाता जाता हळूहळू लहान होत जातात, ओळ अशी दिसत नाही. एवढं एकदा डोळ्यात बसलं की निम्मं काम झालं.

अक्रोडापासून सुरू करतो कारण जगातल्या जवळपास प्रत्येक सैन्याला तेच हवं होतं. वजनाच्या मानाने मजबूत, धक्का सोसतं, आणि एकदा नीट सुकवलं की हवामान बदललं तरी फार फुगत-आकसत नाही, त्यामुळे बॅरलवर दाब बदलत नाही. आडव्या कापात छिद्रं साध्या डोळ्यांनी सुईच्या टोकासारखी दिसतात. किरण मात्र साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, ही खूण लक्षात ठेवा. दस्त्याच्या बाजूवर तीच छिद्रं लांबून कापली गेल्यामुळे बारीक गडद ओरखड्यांसारखी दिसतात, कोणीतरी अणकुचीदार पेन्सिलीने उभ्या बारीक रेघा मारल्यासारखी. नख फिरवलं तर किंचित खरखर लागते. अमेरिकन काळा अक्रोड आणि युरोपातला, आपल्या काश्मीरातला अक्रोड यांतला फरक मात्र जुन्या तेलकट दस्त्यावर नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही असं माझं ठाम मत आहे. अमेरिकन जास्त चॉकलेटी, कधी जांभळट झाक, युरोपियन राखाडी-तपकिरी आणि त्यात काळे पट्टे, हे नव्या फळीवर खरं आहे. ऐंशी वर्षांच्या दस्त्यावर मायक्रोस्कोप लागतो. त्यामुळे अक्रोड आहे हे ठरलं की गरँड (अमेरिकन सैन्याची रायफल) असेल तर अमेरिकन अक्रोड आणि जर्मन माउझर असेल तर युरोपियन, असं रायफलच्या देशावरूनच ठरवा.

बीच ओळखणं सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात आनंदाचं पण. माझ्याकडे एक नंबर फोर एनफील्ड आहे, युद्धाच्या काळातली, विकणाऱ्याने अक्रोड म्हणून दिली होती आणि रंग खरोखर अक्रोडाचाच होता. बटच्या बाजूवर टॉर्च अगदी आडवा धरून बघितला तर सगळीकडे बारीक बारीक गडद रेघोट्या, दोन-तीन मिलिमीटरच्या, एकाच दिशेने पडलेल्या. पाटावर जिरं सांडल्यासारखं. ते जिरं म्हणजे बीचचे किरण, समोरून कापलेले. मग बट फिरवून वरच्या अरुंद बाजूला बघितलं तर तिथे तेच किरण आडवे पसरलेले, माशाच्या खवल्यांसारखे चमकणारे छोटे छोटे ठिपके. एकाच लाकडात एका बाजूला जिरं आणि पाव फेरी फिरवली की खवले, असं दिसलं आणि छिद्रं साध्या डोळ्यांना दिसत नसतील तर ते बीचच, मग रंग काहीही असो. बटप्लेट काढून आडवा काप बघितला तर फिकट जाड किरण भिंगाशिवाय दिसत होते. त्या दिवशी पंधरा मिनिटं मी नुसता ती रायफल फिरवत बसलो होतो.

बर्च त्यामानाने गुपचूप लाकूड आहे, काही बोलतच नाही. छिद्रं भिंगातून पांढऱ्या बारीक ठिपक्यांसारखी, किरण त्या छिद्रांपेक्षाही बारीक, साध्या डोळ्यांना दोन्ही नाही. बाजूने बघितलं तर सपाट, गुळगुळीत, खवले नाहीत, जिरं नाही, ओरखडे नाहीत. कधी कधी तपकिरी बारीक डाग दिसतात, ते झाड जिवंत असताना आतून पोखरत गेलेल्या अळीच्या वाटा असतात. काही दस्त्यांत मात्र आडव्या लाटा दिसतात, उजेडात फिरवलं की ज्वाळेसारख्या हलतात, तेव्हा बर्चइतकं देखणं काही नाही. आपल्या भूर्जपत्राचं झाड म्हणजे याचंच हिमालयातलं भावंड. मेपलशी गल्लत होऊ शकते, पण मेपलचे किरण जाड असतात, जवळपास त्याच्या छिद्रांएवढे, आणि भिंगात सहज दिसतात. रशियन मोसिन-नागांत समोर असेल तर आधी बर्चच समजून चला. फिनलंडच्या एम-३९ चा दस्ताही बर्चचाच, आणि तो दोन तुकडे बोटांत बोटं अडकवल्यासारखे सांधून केलेला असतो. पहिल्यांदा बघणारे त्याला दुरुस्ती समजतात, ती दुरुस्ती नाही, तो मुळातच तसा आहे.

सैन्यांनी अक्रोड का सोडला? अक्रोडाचं झाड मोठं व्हायला पिढी जाते आणि कापल्यावरही दस्त्याचं लाकूड वर्षानुवर्षं सुकवावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात लाखांनी रायफली लागायला लागल्यावर तेवढा सुकलेला अक्रोड कुठून आणायचा? ब्रिटनने बीच आणि बर्च लावला. कॅनडातल्या लाँग ब्रांचने आणि अमेरिकेतल्या सॅव्हेजने केलेल्या नंबर फोरवर बर्च भरपूर सापडतो. स्वित्झर्लंड युद्धात नव्हता तरी त्यांची के-३१ आधी अक्रोडात आणि साधारण १९४६ च्या सुमारापासून बीचमध्ये. डेन्मार्कच्या सैन्याने वापरलेल्या गरँडवर बीचचे दस्ते चढवलेले मिळतात, त्यामुळे गरँड म्हणजे अक्रोडच असं पण धरून चालू नका. जर्मनांनी वेगळी वाट काढली, बीचचे पातळ पातळ थर गोंदाने चिकटवून दाबून लॅमिनेटचे दस्ते केले, त्यांच्या के-९८ माउझरवर ते १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दिसायला लागतात. ते ओळखायला भिंग नको. जिथे दस्ता वळतो तिथे थरांच्या रेघा नकाशातल्या डोंगराच्या रेषांसारख्या एकात एक फिरतात, आणि प्रत्येक थरात नीट बघितलं तर तेच बीचचं जिरं सापडतं.

आता ऑस्ट्रेलिया, माझा सगळ्यात आवडता विषय, इथे थोडा जास्त रेंगाळतो. लिथगोच्या कारखान्यात १९१३ पासून एसएमएलई बनायला लागल्या. ऑस्ट्रेलियाच्या जंगलात अक्रोड नाही. मग त्यांनी स्वतःची लाकडं शोधली, आधी क्वीन्सलँड मेपल, आणि दुसऱ्या महायुद्धात मुख्यतः कोचवूड. नावात मेपल असलं तरी क्वीन्सलँड मेपल हा खरा मेपल नाहीच, झाडाचं कुळ पूर्ण वेगळं. गुलाबी-तपकिरी, छिद्रं दिसतील एवढी मोठी, आणि दस्ता उजेडात फिरवला की रेशमी साडीच्या पोतासारखी झळाळी बाजू बदलते कारण रेषा एकदा इकडे एकदा तिकडे झुकलेल्या असतात. वजनाला हलका. कोचवूड त्याहून वेगळं, अगदी बारीक मऊ पोत, गुलाबीसर तपकिरी, छिद्रं फक्त भिंगातून, आणि ताजा पापुद्रा काढला की गोडसर, साखर करपायला लागल्यासारखा कॅरॅमलचा वास. माझ्या १९४२ च्या लिथगोचा पापुद्रा काढला तेव्हा बायको किचनमधून विचारत आली की काय जळतंय का. याच कोचवूडचं प्लायवूड ऑस्ट्रेलियात बनलेल्या मॉस्किटो विमानांतही वापरलं गेलं.

ही लाकडं अक्रोडापेक्षा मऊ, त्यामुळे फायरिंगच्या धक्क्याने फोरएंडच्या आत जिथे लोखंड लाकडाला टेकतं तिथे लाकूड चेपायचं. त्यावर लिथगोने तिथे तांब्याच्या छोट्या प्लेटा बसवल्या. म्हणून फोरएंड काढल्यावर आत तांबं दिसलं तर लाकूड ऑस्ट्रेलियन असण्याची शक्यता एकदम वाढते, भिंग लावायच्या आधीच. आणि फोरएंडवर स्लॅझ आणि पुढे वर्षाचे दोन आकडे असा शिक्का सापडला तर तो स्लॅझेंजरचा, हो तेच, ज्यांच्या बॅटी आणि टेनिस बॉल आपण वापरले, त्यांनी युद्धात लिथगोसाठी रायफलीची लाकडं केली. बॅटवरून आठवलं, नवी बॅट आणली की आपण तिला जे कच्चं जवसाचं तेल पाजतो तेच तेल या दस्त्यांना, दोन्हीकडे हेतू एकच, लाकूड कोरडं पडून चिरू नये.

आता इशापूर, ज्यासाठी बहुतेक मराठी वाचक इथवर आले असतील. कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठी हा कारखाना, स्वातंत्र्याआधीच्या रायफलींवर मुकुट आणि जीआरआय (राजा-सम्राट जॉर्जची अक्षरं), नंतरच्यांवर अशोकस्तंभाचे सिंह आणि आरएफआय (रायफल फॅक्टरी इशापूर). यांच्या फोरएंडमध्ये मॅगझिनच्या पुढे आडवा आरपार स्क्रू असतो, लाकूड उभं चिरू नये म्हणून, कलेक्टर त्याला इशापूर स्क्रूच म्हणतात. जुन्या दस्त्यांवर बसवलेली लाकडी ठिगळं पण खूप दिसतात आणि ती इतकी हातखंडा कामाची असतात की सांध्यात नख जात नाही. विक्रीच्या जाहिरातीत यांना कोणी साग म्हणतं, कोणी शिसम, कोणी महॉगनी. माझ्या दोन्ही इशापुरींचं, एक जुनी एसएमएलई आणि एक सात पॉइंट बासष्टची २ए१, तोंड कापून बघितलं तर छिद्रं हळूहळू लहान होत जाणारी आणि किरण डोळ्यांना न दिसणारे, म्हणजे दोन्ही बट अक्रोडाचे. २ए१ चा हँडगार्ड मात्र दुसऱ्याच कुठल्यातरी लाकडाचा. त्यामुळे इशापूरची म्हणजे अमुकच लाकूड असा नियम कोणी सांगितला तर मानू नका, समोरची रायफल स्वतः बघा.

साग आहे का हे तपासणं आपल्याला तरी सोपं जायला हवं, घरात पाट, देव्हारा, दाराची चौकट बघूनच मोठे झालो. सागात मोठ्या छिद्रांची ओळ स्पष्ट, काही छिद्रांत पांढरट पूड अडकलेली, हाताला मेणचट आणि ताज्या कापाला चामड्यासारखा वास. शिसम जास्त जड, घनमीटरला साधारण पावणेआठशे किलो, अक्रोड सहाशे दहा ते साडेसहाशेच्या घरात, आणि गडद-फिकट पट्टे एकदम ठळक. एल्ममध्ये पण सागासारखी मोठ्या छिद्रांची ओळ असते, पण त्या ओळीच्या पुढे बारीक छिद्रांच्या नागमोडी रेघा असतात, वाळूवर लाट ओसरून गेल्यावर राहतात तशा. स्वीडन आणि युगोस्लाव्हियाच्या माउझर बघत असाल तर एल्म डोक्यात ठेवा.

वजन आणि वास ही जोडीची साक्ष, मुख्य साक्ष नाही. बीच घनमीटरला साधारण सातशे दहा किलो, बर्च सहाशे नव्वद, आणि एका बटमध्ये किती तेल मुरलंय त्यावर एवढा फरक सहज इकडे-तिकडे होतो. व्हिनेगरमध्ये स्टील वूल बुडवून ते पाणी लाकडाला लावायची एक टेस्ट लोक सांगतात, अक्रोड काळा पडतो आणि बर्च-बीच नुसते करडे होतात. हे खरं आहे, कारण अक्रोडात टॅनिन असतं, पण तेल मुरलेल्या लाकडावर ते पाणी शिरतच नाही आणि डाग मात्र राहतो. करायचीच असेल तर काढलेल्या पापुद्र्यावर करा, रायफलवर नाही.

वरच्या फिनिशकडे पण एक नजर टाका, कारण तेच बऱ्याचदा फसवतं. रशियन रायफलींवर लाखेचं शेलॅक, लालसर, काचेसारखं. झाकलेल्या जागी डिनेचर्ड अल्कोहोलचा एक थेंब ठेवून अर्ध्या मिनिटाने बोट लावलं आणि चिकट लागलं तर शेलॅक. ब्रिटिश आणि आपल्याकडच्या रायफलींवर जवसाचं तेल. जपानी अरिसाकावर उरुशी, त्यांच्याकडच्या एका झाडाच्या चिकाचं रोगण, आणि अरिसाकाचा बट वर-खाली दोन तुकडे सांधून केलेला असतो, म्हणून तिथे दोन्ही तुकडे वेगवेगळे तपासायचे. जिथे फिनिश उडालंय, खरचटलंय, तिथे खालचा रंग बघा. गडद दस्त्याच्या ओरखड्यातून पिवळट-पांढरं लाकूड डोकावलं तर ते स्टेन मारलेलं बर्च किंवा बीच असणार, किंवा अक्रोडाचा सालीजवळचा पांढरा भाग, मग परत बटप्लेटखाली जाऊन छिद्रं बघायची.

आणि तुकडा तुकडा वेगळा मोजा. बट, फोरएंड, मागचा हँडगार्ड, पुढचा हँडगार्ड. चाळीस वर्षं सेवेत राहिलेल्या रायफलीचं सगळं लाकूड एकच निघालं तर मी उलट जास्त तपासतो, कारण दरम्यान किती आर्मररनी (सैन्यातल्या शस्त्रं दुरुस्त करणाऱ्यांनी) जे हाताशी होतं ते बसवलेलं असतं. माझ्या त्या बीचच्या नंबर फोरचा पुढचा हँडगार्ड अक्रोडाचा आहे, मागचा बर्चचा, आणि मी ते कधीच बदलणार नाही. भिंगाने निकाल लागलाच नाही तर अमेरिकेत मॅडिसन, विस्कॉन्सिनला सरकारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे, लाकूड ओळखण्यात त्यांचं नाव मोठं, भारतात देहरादूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये लाकडांच्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. अशा ठिकाणी आधी चौकशी करा, मग बटप्लेटखालून काडीएवढा तुकडा काढा.

सगळं झालं की कापलेल्या जागी जवसाच्या तेलाचं एक बोट फिरवा, दहा मिनिटांनी जादा तेल पुसून घ्या. ज्या फडक्याने पुसलं ते चोळामोळा करून डब्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि गुंडाळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते उलगडून बाहेर वाळत घाला नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. मी गॅरेजच्या बाहेर कुंपणावर टाकतो.

प्लेट परत लावायच्या आधी एक काम मी आता न चुकता करतो, आणि ते स्विस लोकांकडून शिकलो. के-३१ ची बटप्लेट काढली की खाली कधी कधी एक चिठ्ठी सापडते, ज्या सैनिकाकडे ती रायफल होती त्याचं नाव, त्याची तुकडी. मला पहिल्यांदा सापडली तेव्हा ती परत जशी होती तशी ठेवून दिली. माझ्या रायफलींत आता बटच्या आतल्या कप्प्यात, तेलाची बाटली ठेवायची असते तिथे, एक घडी घातलेला कागद असतो. बट बीच, फोरएंड अक्रोड, मागचा हँडगार्ड बर्च, पुढचा अक्रोड, बघितल्याची तारीख. इशापूरच्या कागदावर त्याखाली अजून एक ओळ आहे: आबा, साग नाही, अक्रोड.